वुजूचे पाणी कुठून येते?

रमजानचा पहिला अशरा सरला की जठारपेठेतल्या आमच्या घरी एका संध्याकाळी हिशेबाची वही निघते. बँकेतली शिल्लक, घरातले सोने, कुणाला उसने दिलेले पैसे आणि आपल्या डोक्यावरचे कर्ज, सगळे मांडून जकात काढायची. ६१२ ग्रॅम चांदीच्या किमतीएवढी मालमत्ता गरजा आणि कर्ज वजा जाता वर्षभर हाती असेल, तर तिच्यावर अडीच टक्के. लाखाला अडीच हजार. हिशेब सोपा असतो. अवघड असते ते पुढचे, म्हणजे द्यायची कुणाला.

यंदा वही उघडी असतानाच शेजारचे काका आले. निवृत्त शिक्षक आहेत. उन्हाळा लागला की गच्चीवर पाखरांसाठी पाण्याची मातीची भांडी ठेवतात आणि रस्त्याकडेच्या कडुलिंबांना स्वतः बादलीने पाणी घालतात. वहीकडे पाहून त्यांनी सहज विचारले, “तुमच्या या जकातीतून झाडं नाही का लावता येत?” मी म्हटले, “नाही काका, येत नाही.” ते म्हणाले, “काहून?”

त्या “काहून”ला मी त्या वेळी अर्धवटच उत्तर दिले. मग तरावीहनंतर मौलानांना गाठले, घरी येऊन पुस्तके काढली आणि जे समजले ते आज वाचकांपुढे मांडतो आहे.

जकात माणसाची

जकात कुणाला द्यायची हे कुरआनने सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत ठरवून दिले आहे. तिथे आठ गट सांगितले आहेत: गरीब, अगदीच निराधार, जकातीच्या व्यवस्थेत काम करणारे, ज्यांची मने जोडायची आहेत असे लोक, गुलामगिरीतून सुटू पाहणारे, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या मार्गातील कार्य आणि अडचणीत सापडलेला प्रवासी. त्यात झाड नाही, विहीर नाही, इमारतही नाही. आपल्याकडे बहुसंख्य मुस्लिम हनफी परंपरेचे आहेत आणि हनफी उलेमांची अट स्पष्ट आहे: जकात गरजू माणसाच्या हाती, त्याच्या मालकीची करून द्यावी लागते. याला ‘तमलीक’ म्हणतात. म्हणूनच जकातीच्या पैशाने मशीदसुद्धा बांधता येत नाही, मग झाडे लावणे दूरच.

मला यात दोष दिसत नाही. जकात हा गरिबाचा हक्क आहे. कितीही चांगल्या कामासाठी असला तरी तो त्याच्या ताटातून काढून दुसरीकडे वळवता येत नाही. पण म्हणून काकांचा प्रश्न संपत नाही. इस्लाममध्ये दान म्हणजे केवळ जकात नव्हे. ऐच्छिक सदका आहे, दात्याच्या मृत्यूनंतरही सवाब देत राहणारा सदका-ए-जारिया आहे, वक्फ आहे. शेतकऱ्यासाठी पिकावरचा उश्र आहे. या प्रत्येकाची वाट वेगळी आहे आणि त्यातल्या काही वाटा थेट झाडापाण्याकडे जातात.

उश्राचाच नियम पाहा. पावसाच्या पाण्यावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा द्यायचा. स्वतः कष्ट आणि खर्च करून पाणी दिले असेल तर विसावा. म्हणजे आकाशाने फुकट पाणी दिले तिथे देणे दुप्पट. भारतातील जमिनींना हा नियम लागू होतो की नाही यावर उलेमांत मतभेद आहेत आणि ज्याने त्याने आपल्या मौलानांना विचारावे. पण नियमामागचा विचार कोरडवाहू वऱ्हाडातल्या माणसाला लगेच कळेल. दान किती द्यायचे हे ठरवताना पाणी कुठून आले हे आधी विचारले जाते.

नळाच्या पलीकडे

मग आपल्या नळाचे पाणी कुठून येते? अकोला शहर पिते ते पाणी बार्शीटाकळी तालुक्यातील महानच्या धरणातून, काटेपूर्णा नदीचे. त्या जलाशयाच्या भोवतीच काटेपूर्णा अभयारण्य आहे. १९८८ मध्ये जाहीर झालेले हे अभयारण्य सुमारे ७४ चौरस किलोमीटरचे आहे. सागाचे, पानगळीचे जंगल. चौशिंगा या चार शिंगांच्या लहानशा हरणासाठी ते ओळखले जाते.

हे जंगल धरणासाठी काय करते? झाडांची मुळे माती धरून ठेवतात, म्हणून पहिल्या पावसात ती सगळीच वाहून जलाशयात येत नाही. गळलेल्या पानांचा थर पावसाचा मार झेलतो आणि पाणी जमिनीत मुरू देतो. मुरलेले पाणी पाऊस थांबल्यावरही नाल्यांतून हळूहळू येत राहते. जंगल विरळ झाले, दर उन्हाळ्यात वणवे लागत राहिले, तर माती धरणात येते आणि पाण्याची जागा गाळ घेतो.

कमी पावसाच्या वर्षी महानमध्ये किती साठा उरला ही अकोल्यात पहिल्या पानाची बातमी होते. पण धरणाच्या वर काय उरले, याची चौकशी कुणी करत नाही. मीही कधी केली नव्हती. सहेरीला पाण्याचा शेवटचा घोट घेतो, दिवसात पाच वेळा वुजू करतो, मगरिबच्या अजानला खजुरासोबत पुन्हा पाणीच. वाहत्या नदीकाठी बसला असाल तरी वुजूत पाणी वाया घालवू नका, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण हदीसमध्ये आली आहे. नळ जपून उघडणे एवढाच तिचा अर्थ आम्ही घेतला. नदी जिथून येते तिथवर ती शिकवण नेलीच नाही.

मूळ राखा, फळ वाटा

झाडापाण्यासाठी दान देणे ही नवी, बाहेरून आणलेली कल्पना नाही. मुस्लिमाने झाड लावले आणि त्याचे फळ माणसाने, जनावराने किंवा पाखराने खाल्ले तर तो त्याच्यासाठी सदका ठरतो, असे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्या माणसाचे पाप माफ झाल्याची हकिकत आपण लहानपणापासून ऐकतो. मदीनेच्या परिसराला प्रेषितांनी ‘हरम’ ठरवले. तिथली झाडे तोडायची नाहीत, शिकार करायची नाही. चराईसाठी राखून ठेवलेल्या कुरणांना ‘हिमा’ म्हणत. आपल्या सह्याद्रीतल्या देवराया किंवा गावोगावची राखीव चराई कुरणे ज्याने पाहिली आहेत, त्याला हिमा समजावून सांगावा लागत नाही.

आता पैशाची बाजू. हजरत उमर (रजि.) यांना खैबरमध्ये चांगली जमीन मिळाली. तिचे काय करावे, असे त्यांनी विचारले. प्रेषितांनी सल्ला दिला की मूळ जमीन राखून ठेवावी आणि तिचे उत्पन्न दान करावे. ती विकायची नाही, वारसांत वाटायची नाही. वक्फची सगळी इमारत या एका सल्ल्यावर उभी आहे. हजरत उस्मान (रजि.) यांनी मदीनेतील रूमाची विहीर विकत घेऊन लोकांना खुली केली. हजरत साद बिन उबादा (रजि.) यांनी आईच्या नावाने कोणते दान करावे असे विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, पाण्याचे. त्यांनी विहीर खोदली.

तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीचे हे तत्त्व आपल्या राज्यात दगडमातीत उभे आहे. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याची पाणचक्की पाहायला सहली जातात. लोक हौदातले मासे बघतात, फोटो काढतात आणि परत येतात. तिथली खरी गोष्ट जमिनीखाली आहे. दूरच्या डोंगराकडचे पाणी बंदिस्त नहरीतून, मातीच्या नळांतून दर्ग्यापर्यंत आणले गेले. त्या पाण्याच्या जोरावर चक्की फिरे आणि फकीर, मुसाफिर व गरिबांसाठी पीठ दळले जाई. मशीद, मदरसा, मुसाफिरखाना, बाग आणि हौद, सारे त्याच पाण्यावर. गरिबाची भाकरी आणि डोंगरातला झरा एकाच नहरीच्या दोन टोकांना होते. राज्याच्या वक्फ मंडळाचे कार्यालय याच पाणचक्कीच्या आवारात आहे, हेही लक्षात ठेवण्यासारखे.

दुसरे उदाहरण मुंबईचे. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांना वन्यजीव संरक्षणासाठी मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याची रक्कम त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे निसर्ग संरक्षणाच्या निधीसाठी मूळ भांडवल म्हणून दिली. त्यांनी याला वक्फ म्हटले नाही आणि मीही तो शब्द त्यांच्या तोंडी घालणार नाही. पण मूळ रक्कम राखायची आणि तिच्या उत्पन्नातून काम चालवायचे, ही मांडणी खैबरच्या जमिनीचीच आहे.

इंडोनेशियात काय केले?

जगात सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्या असलेल्या इंडोनेशियाने या वाटेवर बरेच अंतर कापले आहे. तिथल्या उलेमा परिषदेने २०१४ मध्ये धोक्यात आलेल्या प्राण्यांची बेकायदा शिकार आणि व्यापार हराम असल्याचा फतवा दिला. २०१५ मध्ये पाणी आणि स्वच्छतेच्या सोयींसाठी जकात, सदका आणि वक्फचा पैसा अटींसह वापरण्यास मुभा दिली. त्यानंतर तिथल्या राष्ट्रीय जकात संस्थेने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमासोबत सुमात्रा बेटावरील जांबी प्रांतात, वीज न पोहोचलेल्या गावांसाठी जकातीच्या पैशातून छोटे जलविद्युत प्रकल्प उभे केले. लाभ गरिबांना, म्हणून जकात. पण चक्र फिरायचे तर वरच्या जंगलातला ओढा वाहता हवा, म्हणून जंगल राखण्यात गावाचाच फायदा. पाणचक्कीचाच हा हिशेब.

त्याच बेटावर आचे प्रांतातील जांथो येथे २०१२ पासून ‘वक्फ जंगल’ उभे राहत आहे. लोकांनी वर्गणी काढून उजाड जमीन विकत घेतली, वक्फ केली आणि तिच्यावर झाडे वाढवली. जमीन वक्फ असल्याने ती पुन्हा विकता येत नाही. सरकारी पातळीवर इंडोनेशियाने मार्च २०१८ मध्ये १२५ कोटी डॉलरचे हरित सुकूक काढले. सुकूक म्हणजे व्याजाऐवजी प्रत्यक्ष मालमत्तेतील हिश्शावर आधारलेले रोखे.

आपल्याकडे तसे काही नाही. बिनव्याजी बँकिंगचा प्रस्ताव रिझर्व्ह बँकेने पुढे न नेण्याचे २०१७ मध्ये स्पष्ट केले. हनफी मताप्रमाणे जांबीसारखा जकातीचा वापर इथे जसाच्या तसा करताही येणार नाही. तेव्हा इंडोनेशियाची नक्कल करण्यात अर्थ नाही. आपल्या कायद्यात आणि आपल्या फिकहमध्ये जे बसते तेच करावे. ते काय असू शकते, याचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही. ते घरातच सापडले.

मामूंची जागल

माझे मामू बार्शीटाकळीकडे शेती करतात. जंगलाच्या कडेला चार एकर कोरडवाहू. कपाशी, तूर, सोयाबीन. कर्ज आहे. शिवाय रोही आणि रानडुकरे आहेत. रोह्यांचा कळप एका रात्रीत तुरीचा पट्टा साफ करतो. नुकसानीची सरकारी भरपाई असते, पण त्यासाठी पंचनामा, कागद, खेटे. म्हणून हंगामात मामू रात्र-रात्र शेतात जागल करतात. साठी ओलांडलेला माणूस, दिवसा काम आणि रात्री पहारा.

दोन वर्षांपूर्वी ईदच्या दिवशी मी त्यांच्यापुढे अभयारण्याचे कौतुक करत होतो. चौशिंगा, पक्षी, शहराचे पाणी. मामूंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “बेटा, जंगल तुम्हा शहरवाल्यांचं. रोही मात्र आमच्या वाट्याला.” मग थोड्या वेळाने त्यांनी सांगितले की शेजारच्या एकाने कुंपणाच्या तारेत करंट सोडला आहे आणि आपणही यंदा तेच करावे म्हणतो.

करंट सोडणे म्हणजे काय हे वऱ्हाडात सगळ्यांना माहीत आहे. ती तार रोही ओळखत नाही, बिबट्या ओळखत नाही आणि अंधारात पाणी द्यायला निघालेला माणूसही ओळखत नाही. अशा तारांनी जनावरे मेली आहेत, माणसे मेली आहेत आणि शेतकरी तुरुंगात गेले आहेत.

मी घरी आलो आणि मौलानांना विचारले: जमीन नावावर आहे, पण तिच्या उत्पन्नात घराचे वर्ष निघत नाही आणि डोक्यावर कर्ज आहे, अशा माणसाला जकात चालते का? चालते, ते म्हणाले. मामू आहेत म्हणून? आई-वडील आणि मुलांना देता येत नाही, मामूंना येते. उलट नातलगाला देण्यात सवाब दुप्पट, एक दानाचा आणि एक नाते जोडल्याचा. एवढी वर्षे मी पावत्या फाडून जकात पाठवत होतो. आठ गटांतला कर्जदार माझ्या घरातच होता आणि तो मला दिसला नव्हता.

पैसे मामूंच्या हाती दिले. कशासाठी वापरायचे ते सांगितले नाही, कारण पैसे त्यांचे झाले होते. त्यांनी थोडे कर्ज फेडले आणि उरलेल्यातून सोलरवरचे झटका मशीन घेतले. तारेला जनावर लागले की झटका बसतो, जीव जात नाही. रोही अजूनही येतात, सगळे पीक वाचते असे नाही. पण मामू आता बऱ्याच रात्री घरी झोपतात आणि करंटचा विषय पुन्हा निघालेला नाही.

काकांच्या “काहून”चे उत्तर मला इथे मिळाले. जकात झाडाला देता येत नाही हे खरे. पण जंगल टिकवण्याची किंमत जो माणूस रोज मोजतो, त्याला ती देता येते. काठावरचा माणूस जंगलावर चिडलेला असेल तर आत कितीही पहारेकरी नेमा, जंगल टिकणार नाही. हनफी मतानुसार जकात मुस्लिम गरजूंसाठीच आहे, पण ऐच्छिक सदक्याला ती मर्यादा नाही. काटेपूर्णेच्या काठचा कुठल्याही धर्माचा शेतकरी असो की मेळघाटातला कोरकू, सदका त्याच्या दारात जाऊ शकतो.

आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट कब्रस्तानांची. शहर वाढत गेले तशी मोकळी जमीन संपली, पण कब्रस्ताने, ईदगाह आणि दर्ग्यांची आवारे अजून मोकळी आहेत. मस्जिद कमिटीने ऐच्छिक सदक्यातून तिथे कडुलिंब, करंज, बोर, उंबर, हिवर अशी आपल्या मातीतली झाडे लावावीत. लावण्यापेक्षा पहिली तीन वर्षे पाणी घालणे महत्त्वाचे. अकोल्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे पाणी न घातलेले रोप म्हणजे केवळ फोटो. त्यामुळे वर्गणी रोपांसाठी कमी आणि पाणी घालणाऱ्याच्या पगारासाठी जास्त धरावी.

दुसरी गोष्ट नगदी वक्फची. आपल्या कायद्यानुसार वक्फ केवळ जमिनीचाच असतो असे नाही, जंगम मालमत्तेचाही करता येतो. काही कुटुंबांनी मिळून रक्कम राखून ठेवली, ती हलाल व्यवहारात गुंतवली आणि नफ्यातून दर उन्हाळ्यात पाणवठे किंवा धरणाकाठच्या शेतकऱ्यांना झटका मशीन दिली, तर तो खैबरचाच धडा होईल. मात्र २०२५ च्या दुरुस्तीनंतर वक्फनामा लेखी करावाच लागतो. उद्देश, मुतवल्ली आणि हिशेब सगळे कागदावर हवे. वक्फच्या जमिनींचे वाद आपण रोज वाचतो. स्वच्छ हिशेब ठेवणे हाही त्या वादांवरचा एक जबाब आहे.

तिसरी गोष्ट पैशाची नाहीच. जानेवारी २०१८ मध्ये अकोलेकर हजारोंनी मोर्णा नदीत उतरले, जलकुंभी आणि कचरा काढला. पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला. त्या कामात सगळ्या धर्मांचे हात होते. आपल्या इफ्तारच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि थर्माकोलच्या प्लेटा नाल्यातून पुन्हा त्याच नदीत जाणार असतील, तर रोजा सोडताना आपण केलेल्या शुक्राला काय अर्थ राहतो?

आज वहीत मी एक नवे पान काढले आहे. डावीकडे जकात, नावे माणसांची. उजवीकडे सदका, तिथे पहिली नोंद काकांच्या कडुलिंबांसाठी टँकरच्या पाण्याची. काकांना दाखवले तर ते म्हणाले, “मग माझेही शंभर घ्या यात.” मी घेतले. सदक्याच्या डब्याला धर्म विचारण्याची सवय नाही.

शेवटच्या अशऱ्यात वुजूला बसाल तेव्हा नळ उघडण्याआधी एक क्षण महानच्या धरणाची आणि त्याच्या वरच्या जंगलाची आठवण करा. त्या जंगलाच्या कडेला कुणी जागल करत बसले असेल. दुआमध्ये त्यालाही जागा द्या. आणि जमले तर वहीतही.